खडीच्या वाटेवरचे सलीमभाई

सलीमभाईंनी माझ्या थोबाडीत मारली तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम तीन तास झाले होते. मी बेचाळीस वर्षांचा, एका पाइप कंपनीत क्वालिटी मॅनेजर, हाताखाली सोळा माणसं. शाळा सुटल्यापासून मला कुणी मारलं नव्हतं. आणि अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरात, सहा माणसांच्या देखत, या गृहस्थांनी माझ्या कानाखाली असा आवाज काढला की समोरच्या कड्यावरच्या शेळ्यांनी चरायचं थांबवून खाली बघितलं.

माझा गुन्हा एवढाच होता की चढ संपल्यावर घाम पुसायला मी हेल्मेट काढलं, ते हँडलला अडकवलं आणि तसाच पुढच्या उतारावर सायकल सोडली. पन्नास पावलांवर त्यांनी मला गाठलं. मला थांबवलं, स्वतः उतरले, आपली सायकल दगडाला नीट टेकवून ठेवली आणि मग मारली. घाईगर्दी अजिबात नव्हती.

"डोका दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"दुखतंय म्हंजे जाग्यावर हाय. त्या खालच्या दगडावर आपटला असता तर दुखायला उरला नसता. घाला टोपी, लेलेसायब."

मी हेल्मेट घातलं. त्या क्षणी मला त्यांचा जीव घ्यावासा वाटत होता, पण उतार उतरायचा होता आणि वाट फक्त त्यांनाच ठाऊक होती. दुपारी घरी पोचलो तर माझी मुलगी सई माझ्या गालाकडे बघून म्हणाली, "बाबा, डिड समवन हिट यू?" मी म्हणालो, सायकलवरून पडलो. ती जवळ आली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "दॅट्स फाइव्ह फिंगर्स, बाबा." बायको स्वयंपाकघरातून हसली. पुन्हा त्या माणसाचं तोंड बघणार नाही असं मी दोघींना ठणकावून सांगितलं आणि पुढच्या शुक्रवारी पहाटे साडेचारला शारजातल्या अल मजाजच्या तळ्याकाठी सायकल घेऊन हजर झालो. का गेलो हे सांगायला मला एवढं सगळं लिहावं लागतंय.

सलीमभाई दाभोळच्या खाडीकाठचे. वय चोपन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही बसत नसे. शारजाजवळच्या हमरियात एका फॅब्रिकेशन यार्डात ते रिगिंग सुपरवायझर होते. म्हणजे क्रेनने वीस-तीस टनांचा लोखंडी सांगाडा उचलायचा, तर त्याला साखळ्या कुठे लावायच्या, तो हवेत कसा फिरवायचा आणि कुठे ठेवायचा हे ठरवणारा माणूस. या कामात चूक झाली तर माणूस जखमी होत नाही, चपटा होतो. त्यांनी तसा एक बघितला होता, सुरुवातीच्या वर्षांत. त्याबद्दल ते फक्त एवढंच सांगत की त्या माणसाला फावड्याने गोळा केला. त्यांच्या यार्डात तेव्हापासून एक नियम होता. भार उचलण्याआधी खाली कोण आहे ते विचारायचं, आणि "कोणी नाही" असं उत्तर आल्याशिवाय हूक हलवायचा नाही. हाच नियम त्यांनी डोंगरात आणला.

त्यांची सायकल त्यांनीच यार्डातल्या नळ्या जोडून वेल्ड केलेली होती. दर शुक्रवारी त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे दुकानातल्या ग्रॅव्हल बाईक होत्या, रुंद टायरच्या, वजनाला हलक्या. त्यांची सायकल उचलायला दोन माणसं लागत. चढावर ते आमच्या मागे पडत, तोंडाने अखंड शिव्या चालू, आणि त्या शिव्या डोंगराला, टायरला, कंपनीला आणि क्वचित स्वतःच्या गुडघ्यांना असत. उतारावर मात्र आम्ही कुणी त्यांच्या आसपास नसू. सैल खडीवरून ते असे खाली जात की मागे नुसती धूळ आणि फेकली गेलेली खडी. एकदा एक खडा उडून माझ्या पुढच्या दाताचा कोपरा गेला. "दात हाय ना अजून? मग चला," एवढीच विचारपूस झाली.

वाटा शोधायचं त्यांना वेड होतं. डोंगराच्या पोटात पूर्वी गाढवांच्या वाटा होत्या, नंतर पाण्याच्या पाइपांसाठी काढलेले कच्चे रस्ते, वादी म्हणतात त्या सुकलेल्या ओढ्यांचे गोट्यांनी भरलेले तळ. हे सगळं जोडून ते साठ-सत्तर किलोमीटरची वाट बनवत. आधी एकट्याने दोनदा जायचं, एकदा या दिशेने, एकदा उलट. मग आम्हाला न्यायचं. नकाशा ते यार्डातल्या खडूने गाडीच्या बॉनेटवर काढत आणि निघताना हाताने पुसून टाकत. वाटांना नावंही दिलेली. एकीचं नाव दातपाडी. एकीचं नाव खुळखुळा, कारण तिथल्या पन्हाळी पत्र्यासारख्या उंचवट्यांवरून जाताना माणसाचं एकेक हाड वेगळं मोजता येई. आणि एकीचं नाव सासुरवाडी. तिच्यावर जाताना फार छान वाटायचं, येताना रडू यायचं.

ते डोंगर मला अजूनही आपले वाटत नाहीत. सह्याद्रीत माणूस पडला तर कुठे झुडूप धरतो, कुठे गवतात घसरतो. इथे नुसता नागडा दगड, धारदार, करड्या रंगाचा, आणि नऊ वाजले की तापलेला. पडलं की कातडं जातंच. सलीमभाईंना तेच आवडत असावं. "हा डोंगर खोटा नाय," ते म्हणायचे. "मारनार म्हंजे मारनार. तोंडावर सांगतो."

त्यांच्या हाताबद्दल सगळ्या शारजाच्या मराठी मंडळींत बोललं जाई. यार्डात त्यांनी एका वेल्डरला बुटाने मारलं होतं, साखळीखालून चालत गेला म्हणून. टायर बदलताना पंप चालेना तेव्हा पंप दगडावर आपटून त्याचे तीन तुकडे केले आणि मग सोळा किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चालत आले. आणि मुलाला मारलं होतं. हे मला त्यांच्या बायकोने, झुबेदाभाभींनी सांगितलं. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना लायसन्स नसताना बापाची गाडी घेऊन गेला, परत आला, आणि दारातच एक बसली. कानाचा पडदा फाटला. तो मुलगा आता टोरांटोला असतो आणि बाप यार्डात असेल ती वेळ बघून आईला फोन करतो.

"मला कधी हात लावला नाय," भाभी म्हणाल्या. "पोराला लावला. पोरगा गेला."

त्या हे सांगत होत्या तेव्हा सलीमभाई समोरच बसले होते, तांदळाच्या भाकरीचा तुकडा हातात. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हात आधी जातो, लेलेसायब. मी मागनं पोचतो." मग भाकरी खायला लागले. मला त्या माणसाची त्या दिवशी फार दया आली आणि चीडही तेवढीच आली. ते चांगले होते असं सर्टिफिकेट मी कुणाला देणार नाही. त्यांच्या मुलाला तर नाहीच.

एका शुक्रवारी दातपाडीवर एका वळणावर शेळी पडलेली दिसली. नुकताच एखादा टँकर गेला असावा. मागचे दोन्ही पाय चिरडलेले, पोट फाटलेलं, आणि ती मान उचलून उचलून ओरडत होती. आम्ही सगळे उतरलो आणि भोवती उभे राहिलो. कुणी म्हणालं, मालकाला शोधू. कुणी म्हणालं, म्युनिसिपालिटीला फोन करू. मी पाण्याची बाटली काढली, ती कशासाठी हे मलाही माहीत नव्हतं. सलीमभाई मागून आले, सायकल टाकली, अवजारांच्या पिशवीतली सुरी काढली. शेळीचं डोकं गुडघ्याखाली धरून त्यांनी तिचं तोंड मक्केच्या दिशेला वळवलं, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि एका हाताने काम केलं. रक्त त्यांच्या कोपरापर्यंत उडालं, माझ्या बुटांवर आलं. मी बाजूला जाऊन ओकलो.

मी परत आलो तेव्हा ते वाळूने हात घासत होते.

"तुमी सुरी बघितलंव," ते म्हणाले. "ती किती वेळ मरत होती ते नाय बघितलंव."

नंतर त्यांनी त्या शेळीला फडक्यात बांधून सायकलच्या मागे घेतली आणि चार किलोमीटरवरच्या वस्तीत जाऊन तिचा मालक शोधला. मालक एक डोंगरी म्हातारा होता, कमरेला छोटी कुऱ्हाड अडकवलेला. त्याने सलीमभाईंच्या रक्ताळलेल्या बाहीला हात लावला आणि आम्हा सगळ्यांना चटईवर बसवून कॉफी पाजली, मग मटण-भात वाढला. त्या घरात मी एकटाच शाकाहारी होतो हे भाभींनी दिलेल्या डब्यामुळे निभावलं.

मग ती गाडीची भानगड झाली. वाळूत आणि ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत मोठ्या चाकांच्या गाड्या उडवायला येणारी पोरं असतात. त्यातल्या एकाने आमच्या रांगेच्या इतकी जवळून गाडी नेली की आमच्यातला नितीन घाबरून खड्ड्यात गेला. नितीन आमच्यातला सर्वांत लहान, बँकेतला, तिशीचा, नागपूरचा. गाडीवाल्याला गंमत वाटली. तो वळून पुन्हा आला. सलीमभाई वाटेच्या मधोमध उभे राहिले. गाडी त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली. त्यांनी दार उघडलं, त्या तरुणाला शर्टाला धरून खाली ओढलं आणि मारायला सुरुवात केली. पहिल्या ठोशातच नाक फुटलं. आम्ही चौघांनी त्यांना धरलं तरी ते थांबेनात. नितीन कमरेला लोंबकळला होता आणि त्यांच्याबरोबर फरफटत जात होता. तो तरुण रडत होता, आणि सलीमभाईही रडत होते. "हसतो? मानूस मरनार होता, आनि हसतो?" एवढंच पुन्हा पुन्हा.

या देशात हात उचलणं ही साधी गोष्ट नाही. आम्ही इथे व्हिसावर राहतो, आणि व्हिसा हा माणसाच्या वागण्यावर राहतो. पोलीस ठाण्यात त्या तरुणाचे वडील आले. सज्जन माणूस. मुलाने काय केलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि तक्रार मागे घेतली. तरीही सलीमभाईंना लिहून द्यावं लागलं की पुन्हा कुणावर हात उचलणार नाही. अधिकाऱ्याने कागदावर शिक्का मारला आणि हिंदीत शांतपणे सांगितलं, "अगली बार, चाचा, खलास. घर."

घर म्हणजे दाभोळ. बाहेर येऊन भाभी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी शबाना शारजालाच फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, बापाच्या व्हिसावर. भाभी माझ्याशी बोलल्या, नवऱ्याशी नाही. "लेलेभाव, याला सांगा. पोरगा याच्या हातामुळे गेला. पोरीचं शिक्षन गेलं तर मी याच्यासोबत नाय राहनार. गावाला जाईन, पन याच्यासोबत नाय." सलीमभाई बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी भाभींच्या डोक्यावर हात ठेवून कसम घेतली. त्यानंतर वर्षभर मी त्यांना कुणावर हात उचलताना पाहिलं नाही. संताप आला की दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. शिव्या वाढल्या. यार्डातली पोरं म्हणायची, चाचा आजकाल जोरात बोलतो, पण जवळ येत नाही.

आता त्या शुक्रवारबद्दल. हे मी टाळत आलोय.

सासुरवाडीच्या परतीच्या वाटेवर एका दगडाच्या खाणीची पिछाडी लागते. तिथे किलोमीटरभर एक अरुंद घळ आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि वरच्या अंगाला खाण. खाणीत सुरुंग लावतात. पुढच्या रस्त्याला फाटक आहे, पहारा आहे. पण घळीतून मागून कुणी येतं हे खाणीतल्या एकाच माणसाला माहीत होतं. तो पेशावरकडचा म्हातारा रखवालदार, गुलखान. सुरुंग उडण्याआधी आजूबाजूला कुणी नाही ना हे बघायचं कामही त्याचंच. सलीमभाईंचा नियम असा की आदल्या दिवशी संध्याकाळी गुलखानला फोन करायचा आणि तो "बंद है" म्हणाला तरच घळीत शिरायचं. "तुमचा हिंदी साफ हाय, त्याला समजतो," असं म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. मी ते वर्षभर केलं.

त्या गुरुवारी ऑफिसात ऑडिट होतं. रात्री घरी आलो, जेवलो, झोपलो. पहाटे गाडीवर सायकली चढवताना सलीमभाईंनी विचारलं, "गुलखानला विचारलंव?"

"विचारलंय. बंद आहे," मी म्हणालो.

मी खोटं बोललो. मला ते तेव्हा खोटं वाटलंही नाही, कारण त्या दिवशी शुक्रवार होता. आम्हा जुन्या लोकांच्या अंगात शुक्रवार म्हणजे सुट्टी हे इतकं मुरलंय की देशाची सुट्टी शनिवार-रविवारी गेली तरी अंग ऐकत नाही. त्यातून शारजात शुक्रवारी सुट्टी असतेच. माझं ऑफिस बंद, त्यांचं यार्ड बंद, सईची शाळा बंद. पण रास अल खैमात शुक्रवारी दुपारपर्यंत कामाचा दिवस. ती खाण बऱ्याचदा शुक्रवारी बंदच ठेवत, पण घाई असली की चालवत. नेमकं हेच विचारायला तो फोन असायचा. तासाभराच्या अंतरावर वेगळा शुक्रवार असतो ही गोष्ट शारजात राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि मलाही होती.

घळीत आम्ही अर्ध्यावर होतो तेव्हा भोंगा वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. आम्ही थांबून एकमेकांकडे बघत राहिलो. वर कड्यावर गुलखान दिसला, लाल फडकं हलवत, छाती फोडून ओरडत होता, "भागो! भागो!" सलीमभाईंनी एकदाच हात करून दाखवलं. डाव्या बाजूला कड्याखाली एक कपार होती, तीसेक पावलांवर. "सायकली टाका. पळा."

आम्ही टाकल्या आणि पळालो. मी कपारीत शिरून मागे वळून बघितलं तर नितीन परत फिरला होता. त्याची सायकल नवी होती, कार्बनची, महिन्यापूर्वी घेतलेली. त्याने ती उचलली आणि हाताने ढकलत घेऊन येऊ लागला. चाक गोट्यांत अडकत होतं. तिसरा भोंगा वाजला. सलीमभाई कपारीच्या तोंडाशी पोचले होते. ते उलटे पळत गेले.

"सोड," ते म्हणाले.

"एक मिनिट, सलीमभाई," नितीन म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

सलीमभाईंचे हात क्षणभर पाठीमागे गेले. ते मला दिसलं. मग त्यांनी मारलं. उजव्या हाताने, मुठीने, पूर्ण ताकदीने, डोळ्याखाली. हाड मोडल्याचा आवाज कपारीपर्यंत आला. नितीनने तरी हँडल सोडलं नाही, तेव्हा दुसरा मारला, आणि तो मागे कोसळला. त्याला बगलेत धरून ते धावत आले आणि त्याच्यासकट कपारीत आदळले. डावा खांदा दगडावर आपटून त्यांचं हासळीचं हाड मोडलं. त्याच वेळी वरचा कडा उडाला.

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच, तो पोटात आला. जमीन पायाखालून एकदा वर आली आणि खाली गेली. मग दगड पडायला लागले. कपारीच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, उशीएवढे, घागरीएवढे, एकामागून एक. आमच्यातला एक जण आईला हाका मारत होता. धूळ इतकी भरली की शेजारच्याचा चेहरा दिसेना. सगळं थांबल्यावर आम्ही बाहेर आलो. आठही सायकली गाडल्या गेल्या होत्या. नितीनच्या सायकलचा पुढचा भाग एका दगडाखालून बाहेर आला होता, आणि तो दगड आम्ही सगळ्यांनी मिळूनही हलवू शकलो नसतो. एकाही माणसाला दगड लागला नव्हता. नितीनचा मात्र अर्धा चेहरा काळा पडला होता आणि डोळा दिसत नव्हता.

गुलखान घसरत, पडत खाली आला. त्याचे हात सोलले होते. तो सरळ माझ्याकडे आला. "फोन क्यों नहीं किया, साब? कल शाम से फोन हाथ में लेके बैठा था. किसी का नहीं आया." सलीमभाई नितीनचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, त्यांनी ते ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आमचं सगळ्यांचं पाच मिनिटांत ठरलं. पोलीस येणार, विचारणार. दगड लागला असं सांगायचं. सुरुंग उडाला, दगड उडाला, नितीनला लागला. खुद्द नितीन सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "स्टोन. आय विल से स्टोन. त्यांनी वाचवलं मला." भाभी आणि शबाना आल्या होत्या. शबाना बापाचा मोडलेला खांदा सोडून त्यांच्या उजव्या हाताच्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती.

अधिकारी आला. समोरच्या बाकावर त्याने गुलखानला बसवलं होतं. दगड माणसाला लागला असेल तर जबाबदारी गुलखानची, कारण घळ मोकळी आहे असा इशारा त्यानेच खाणीला दिला होता. त्या म्हाताऱ्याला हे समजत होतं. तो दोन्ही हात गुडघ्यांत धरून जमिनीकडे बघत होता. अधिकाऱ्याने सलीमभाईंना विचारलं, "चाचा, इसको क्या लगा?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. भाभी बघत होत्या. एक शब्द पुरला असता.

"मेरा हाथ लगा," सलीमभाई म्हणाले. "दो बार. पत्थर किसी को नहीं लगा. ये बुड्ढा ऊपर से चिल्लाया, तभी तो हम बचे."

भाभींनी शबानाचा हात धरला आणि त्या दोघी पॅसेजमधून निघून गेल्या.

नितीनने तक्रार केली नाही, उलट रडत सांगितलं की हा माणूस नसता तर मी नसतो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पण शिक्क्याचा तो कागद होता, त्यावर सही होती. काही आठवड्यांची कोठडी, आणि मग घर. शबानाचा व्हिसा धावपळ करून कॉलेजकडून झाला. वर्ष संपेपर्यंत ती आमच्याकडे राहिली, सईच्या खोलीत. भाभी गावाला गेल्या आणि म्हणाल्याप्रमाणे माहेरी राहिल्या.

सलीमभाईंना देशाबाहेर पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी कपड्यांची बॅग द्यायला गेलो. काचेपलीकडे ते बसले. दाढी वाढलेली, डावा हात गळ्यात बांधलेला. आधी नितीनच्या डोळ्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, ऑपरेशन झालं, दिसतंय. मग शबाना जेवते का ते विचारलं. मग मला बोलायचं होतं ते मी बोललो. मी म्हणालो, "सलीमभाई, मी गुलखानला फोन केलाच नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं. मी आत जाऊन सांगतो त्यांना."

त्यांनी तोंड काचेजवळ आणलं.

"काय सांगनार?" ते म्हणाले. "मीच केला होता त्याला, रातीला. त्यानी उचलला नाय. नाय उचलला म्हंजे बंद, असं मी धरलं. चूक माजी हाय. तुमी पोरीला घेऊन घरी जावा."

गुलखानच्या हातात आदल्या संध्याकाळपासून फोन होता, आणि तो एकदाही वाजला नव्हता. स्वतःची पोरगी, बायको, तीस वर्षांचं बिऱ्हाड वाचवायला जो माणूस दगड हा एक शब्द खोटा बोलला नाही, तो माझ्यासाठी न अडखळता बोलला. मला काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. मी मान हलवली. ते खोटं मी स्वीकारलं, आणि आजतागायत कुणाला सांगितलं नाही.

आतून कुणी तरी अरबीत "यल्ला", म्हणजे चल, असं म्हणालं. सलीमभाई उठले. आत घेताना कमरेचा पट्टा काढून घेतात, आणि त्या दिवसांत ते फार वाळले होते, त्यामुळे उठल्याबरोबर पँट घसरली. उजव्या हाताने त्यांनी ती धरली आणि तशीच धरून दारापर्यंत गेले. दार बंद होतं. ढकलायला हात उरला नव्हता. ते दारासमोर मान खाली घालून उभे राहिले, आणि पोलिसाने येऊन उघडल्यावर आत गेले.